लुकलुकता हिरवा दिवा

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आईची पाठ कशी आहे? कुशीवर वळवताना उशी लावतेस ना? माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस, सवय राहिली नाही.

इकडे मी एकदम विदुषी झाले आहे. टेबलावरच्या नव्या फोनच्या खुणा ऑफिसात फक्त मला कळतात. परवा सगळ्यांसाठी कागद लिहून भिंतीवर चिकटवला. दिवा भरभर लुकलुकला तर फोन वाजतोय. स्थिर हिरवा म्हणजे आपण बोलतोय, लाल म्हणजे ती लाइन दुसऱ्याच्या टेबलावर चालू आहे. हिरवा सावकाश लुकलुकला तर पलीकडचं माणूस होल्डवर ताटकळतंय, आणि किती वेळ ते पडद्यावर दिसतं. लाइन तुटली तर दिवा तत्क्षणी विझतो.

टपाल बघणारे काका म्हणाले, "बाई, फोनशी लग्न लावलंत की काय?"

मी म्हटलं, "नऊ ते सहा नांदतेच आहे की!"

खोटं नाही ते. जागेवरून उठले की साहेबांच्या फोनवर माझ्या नावापुढे पिवळी खूण येते. पाणी प्यायला गेले तरी "कुठे होतात?" आता बाटली टेबलाखालीच ठेवते.

हे पुराण का लावलंय, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू पहिल्यापासून माझ्याहून हुशार.

त्या गुरुवारी तुझा फोन आला. "ताई, दातांच्या कवळ्यांच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलंय. आज पाचपर्यंत हो-नाही कळवायचंय. आईला तू..."

"एक मिनिट हं," म्हणून मी बटण दाबलं. नंतर तुला सांगितलं, फोन नवा आहे, लाइन तुटली, मग साहेबांनी कामाला जुंपलं. तोवर तू कारखान्याला नाही कळवून मोकळी झाली होतीस.

लाइन तुटली नव्हती. साहेब जेवायला गेले होते. दिवा सावकाश लुकलुकत होता आणि मी हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसले होते. सहा वर्षं आईचं सगळं तू करतेस, मी महिन्यातून दोन दिवस येते आणि डोळे पुसून जाते. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं आणि हो म्हणायची छाती नव्हती. मनात म्हणत होते, ठेव ना आता फोन. तू ठेवलास, नऊ मिनिटं चाळीस सेकंदांनी. मला हायसं वाटलं, ठमे. त्याचीच लाज जात नाही.

काल कारखान्यात फोन करून विचारलं. जागा भरली.

तरी रविवारी दुपारी गाडी घेऊन आईला न्यायला येते. खोली एकच आहे, पण मोजून पाहिलं, कपाट बाहेर काढलं की खाट बसते. दिवसापुरती एक बाई ठरवली आहे. मला भीती वाटतेय. सहापर्यंत फोन आणि सहानंतर आई. तू कशी काढलीस इतकी वर्षं, ते आत्ता कुठे कळायला लागलंय. पुढचं बोलावणं आलं की कुणालाही न विचारता हो म्हण. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण आईची औषधं एका डब्यात भरून ठेव.

त्या दिवशीही जागेवरच असलेली,
तुझी ताई