सुनेने मागितलेले पंख

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा ताट जसंच्या तसं परत आणलं. सुनेने सूपला हात लावला नाही, मऊ भाताला लावला नाही. "सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं, आई." त्या औषधाने तिची चव नेली. केस नेले, भुवया नेल्या. जीभ मात्र शाबूत ठेवली — मला उलट बोलायला!

डॉक्टरीणबाईंनी मुलाला बजावलंय, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचं औषध देता येणार नाही. आणि वर पथ्य — तिखट नको, तेलकट नको, बाहेरचं नको. मग भिंत खायची का तिने?

शेवटी म्हटलं, "काय गिळशील ते एकदा सांगून टाक बाई." तर म्हणते कशी, "कोपऱ्यावरच्या दुकानातले कोंबडीचे पंख. लोण्यात घोळलेले, लालभडक."

पूर्वी पगाराच्या दिवशी आणायची. मोरीपाशी उभ्याने खायची, कोपरापर्यंत ओघळ. मला बघवायचं नाही.

६ नोव्हेंबर

मुलगा म्हणतो, "पथ्य म्हणजे पथ्य, आई." बस चालवतो ना, लाल दिवा दिसला की थांबायची सवय. शनिवारी दिवसभर ड्युटीवर आहे. बघू.

९ नोव्हेंबर, शनिवार

मुलाची पाठ वळली आणि मी कोंबडीवाला गाठला. मेल्याने पंखांची फेकायची टोकंही वजनात धरली होती. त्याच्यासमोर तोडून त्याच्याच ओट्यावर ठेवली.

नातीने फोनमधून वाचून दाखवलं. पंख धुऊन फडक्याने अगदी कोरडे करायचे. मीठ चोळून तळायचे. इथवर ठीक. मग म्हणाली, "आजी, लोणी वितळलं की गॅस बंद कर, मग तिखट घाल." हे कुठलं शास्त्र! बंद गॅसवर कधी फोडणी होते? मी कडकडीत लोण्यात तिखट ओतलं.

घरभर खकाणा! नात खिडक्या उघडत पळाली. सून खोकून खोकून निळी पडली. लोणी काळं, पंख कडू. सगळं टाकलं.

खोकला थांबल्यावर सून म्हणाली, "आजाराला जमेना म्हणून तुम्ही मनावर घेतलंत का?"

"तुला काय होतंय! मला पुरून उरशील तू."

१० नोव्हेंबर

आज नातीचं निमूट ऐकलं. मंद आचेवर लोणी, गॅस बंद, मग तिखट, ठेचलेला लसूण, जरासं व्हिनेगर. गरम पंख डब्यात टाकून वर हे ओतायचं, झाकण लावून खडखडा हलवायचं. माझा खांदा निखळायचा राहिला.

सुनेने एक उचलला. तोंडभर फोड आहेत तिच्या. डोळ्यांना धार लागली. मी ताट ओढायला गेले तर हातावर चापट मारली — सासूच्या! "तिखट लागतंय, आई! लोखंड नाही, तिखट!"

हाडं चोखून पांढरी केली. बोटं चाटली. वर मला म्हणते, "मीठ कमी पडलं." पडलं होतं खरं.

मुलगा आला तेव्हा हाडं ताटातच होती. मी कंबर कसून उभी राहिले. तो हाडांकडे बघत बसला, मग राहिलेला एक पंख त्याने खाल्ला.

१२ नोव्हेंबर

पुन्हा केले. तोंड सोलून निघालंय तिचं, तरी खाल्ले. वरून थंड दूध पाजलं. रडत खाते, खात रडते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वजन वाढलं! थोडंच, पण काटा उजवीकडे सरकला. नातीने उड्या मारल्या. सून म्हणाली, "एवढ्या कोंबड्यांनी माझ्यासाठी जीव दिला, आई. लाज राखायला हवी."

सोमवारी पोटाचे फोटो काढायला बोलावलंय. ते बघून पुढचं औषध.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मुलगा दारातूनच ओरडला, "आई, पथ्य सुटलं! फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काय मागतील ते द्या!"

"आणि औषध?"

"ते आता नको म्हणाल्या." हसत होता गधडा.

सून खाली बसून चपलेचा पट्टा सोडवत होती, वर बघेना. मी विचारलं, "काय करू गं, पंख?"

"काही नको, आई."