निळ्या खडूची विहीर

८ डिसें. ५८
आजही तेच. कोळ्यांच्या वाडीतल्या बायकांना विचारून सरांची पाहणीची प्रश्नावली भरली, पण सगळ्या रकान्यांत एकच उत्तर. पाणी कसं? बरा हाय. घर? बरा हाय. सासू? सगळ्याजणी हसल्या, मग तीही बरीच.
पाय सुजलेत. मास्तरांकडे उतरले आहे, त्यांच्या बायकोने शेकायला गरम पाणी दिलं. ते ती कुठून आणते, एवढंही मी विचारलं नाही. कंटाळा आलाय या नोकरीचा.

११ डिसें.
प्रश्नावली पिशवीतच ठेवली. ड्रॉइंगचे कागद नि रंगीत खडू काढले. म्हटलं, बोलू नका, वाडी काढून दाखवा. ढाकूबाईने हात मागे घेतले. "माज्या हाताला म्हावऱ्याचा वास, तुजा कागद नासंल." बोंबील वाळवायची सगळ्यात चांगली जागा हिची, अगदी वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून शब्दाला वजन. एकदा खडू हातात आला, मग मात्र सोडीना.
घरं, होड्या, देऊळ, बोंबलांचे दोर. पाण्याची वाट काढता काढता कागद संपला. दुसरा जोडला, तोही संपला. हेच ते 'बरा हाय' पाणी!
उत्साहात बोलून गेले, आता जे हवंय ते निळ्याने काढा. विहीर कुठे यावरून जुंपली. शेवटी ढाकूबाईच्या दोरांच्या जागी निळा गोल. तिथे खाली गोडं पाणी आहे म्हणतात. "दाखिव तुज्या सायबाला." दाखवीन म्हटलं.

१५ डिसें.
रेवसहून लाँचने मुंबई. वाटेत दोनदा उलटी. सर म्हणाले, "चित्र झकास. पण तक्त्यात कसं बसवायचं?" विहिरीचं काढलं तर, "आपण अभ्यास करतो, बाई. विहिरी खणत नाही."
बरोबरच आहे. मला ठाऊक नव्हतं थोडंच? तरी राग आला. जास्त स्वतःचाच.

१९ डिसें.
परत वाडीत. किनाऱ्यावर दोरांच्या मध्येच मोकळं मैदान. ढाकूबाईने खांब उपटलेत, दोर गुंडाळून घरावर टाकलेत. तिचे बोंबील घरामागे चटईवर, वारा नाही तिथे. निम्मे मऊ पडलेत, माशा घोंगावताहेत. ऐन हंगामात.
"जागा दिली गो. दिली म्हंजे खांब उपटाचे, आमची रीत हाय. तुजा सायेब आला म्हंजे त्याला दिसाया नको, कुठं खनाची ती?"
तिने काळा चहा दिला, मचूळ. प्याले.

२० डिसें.
सांगितलं. विहीर माझ्या हातात नाही, सरांच्याही नाही. फक्त अभ्यास.
बायका ढाकूबाईवरच तुटून पडल्या, हिच्या शब्दावर जागा सोडलीसच कशाला म्हणून. मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "मंग निला खडू दिलास कशाला?"
म्हटलं, चला, खांब पुन्हा रोवू, मी धरते.
"न्हाय. दिलेली जागा मी परत घेवाची न्हाय."

२२ डिसें.
विहिरीसाठी अलिबागची सरकारी कचेरी गाठली. सरांना कळलं तर नोकरीवरून काढतील, काढोत. कारकुनाने चित्र उलटं धरलं. "बाई, हे काय? अर्ज आणा." तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला, चित्र टाचलं. साहेब दौऱ्यावर. "बघू, ठेवून जा."
चित्र एकच होतं. आता माझ्याकडे तेही नाही.

२३ डिसें.
ढाकूबाई चटईवरचे नासके बोंबील वेचून बाजूला टाकत होती. मीही बसले वेचायला.
"गेलतीस?"
"हो."
"काय बोलले?"
"बघू म्हणाले."
मोकळ्या जागेत पोरांनी खेळ मांडला होता. तिने त्यांना हाकललं, तिथे पाय देऊ नका म्हणून. मग परत येऊन बसली. पिशवीत उरलेली प्रश्नावली होती, सवयीने काढली. विचारलं, पाण्याचं कसं काय?
माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरा हाय."