पाहुण्यापुरतं स्वयंपाकघर

माय, मी मुलीकडे परदेशात आलोय. या शहरात रस्त्यांना लागून कालवे आहेत आणि काठावरची जुन्या व्यापाऱ्यांची घरं तिकीट काढून पाहायची असतात. आज अशाच एका घराच्या स्वयंपाकघरात गेलो. निळ्या फरशा, तांब्याची लखलखीत भांडी, मध्ये आडवी दोरी. काजळीचा एक डाग नाही. मुलीनं पाटी वाचून सांगितलं, हे पाहुण्यांना दाखवायचं. घरची माणसं तळघरात रांधायची, तिथंच जेवायची. मी दोरी धरून उभाच राहिलो.

कारण मला सौंसरची ती दुपार दिसते. प्रांतांची नवी वाटणी व्हायची आहे. आपला तालुका मराठी मुलखात जाणार की इकडे हिंदी मुलखातच राहणार, म्हणून एक साहेब घरोघर विचारत फिरतो आहे. पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंत सभा करून माझा घसा बसलाय. तुझ्याकडून मी एकच वाक्य घोकून घेतलंय: 'आम्ही घरी मराठी बोलतो.' साहेब ओसरीवर बसतो. "माताजी, घर में क्या बोलते हैं?" तू चुलीपुढून म्हणतेस, "थांबा साहेब, चाय मांडून राहिली. बसा आरामात. याचं नका आयकू, हा घरी येगळा बोलते, सभेत येगळा."

साहेब हसला. "ये तो हमारी ही बोली हुई." चहा पिऊन गेला.

"एक वाक्य होतं, माय," मी बसलेल्या घशानंच ओरडलो.

तू फुंकणी खाली ठेवली नाहीस. "मंग मी का हिंदी बोलली? तुले समजलं का नाही?"

"समजलं."

"मंग झालं ना. मराठी का चांदीची वाटी हाय, पाहुणा आला का काढाले?"

तालुका इकडेच राहिला. तुझ्या चहामुळे नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी कितीतरी दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही. मराठी शाळांसाठी पुढं जे बोललो, त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. पण त्या बिनकाजळीच्या चुलीपुढं माझीच भाषणं मला ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात रखवालदार आला आणि दोरीवरच्या माझ्या हाताकडे बोट दाखवून काही म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, "पाहून राहिलो ना भाऊ."

मुलगी चमकून वळली. "बाबा, ही कुठली भाषा?"

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगतो. 'मराठी' म्हणायला मला वेळ लागला.