बंदुकीच्या दस्त्यावरचं कुंकू

अण्णा, काल तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन तुमची बंदूक पाहून आलो. तुम्ही गेलात तेव्हा मी कुवेतला होतो, परवान्याला वारस लावायला इथे कोणी नव्हतं, म्हणून आईने ती ठाण्यात जमा केली आणि ती आजवर तिथेच पडून आहे. हवालदार भला माणूस. म्हणाला, कायमची देऊन टाका नाहीतर स्वतःच्या नावावर करून घ्या, अशी लोंबकळत ठेवू नका. नळीवर गंज चढलाय, पण तुम्ही घडवलेला शिवणीच्या लाकडाचा दस्ता अजून खांद्याला नीट लागतो. तो खांद्याला लावला आणि मला आपलं गाव आठवलं नाही. कुवेतला अम्गरातली आपली सुतारकामाची शेड आठवली, शेजारच्या भंगाराच्या ढिगांवरून येणारी गरम हवा, आणि ती दुसरी बंदूक.

कुवेतमधून इराकी फौजा गेल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. घराघरांत हत्यारं राहून गेली होती, आणि पोलिसांनी जाहीर केलं होतं की अमुक दिवसापर्यंत आणून द्या, कोणी काही विचारणार नाही, वर थोडाफार मोबदलाही मिळेल. मुदतीनंतर ज्याच्याकडे सापडेल तो आत. हे सगळं तिथल्या लोकांसाठी. आपल्यासारख्या परक्याच्या शेडमध्ये सापडली तर काय, हे कोणी जाहीर केलं नव्हतं, कारण ते सांगायची गरजच नव्हती. तुरुंग, मग विमान, आणि पुन्हा त्या देशाचं नाव काढायचं नाही. अशा दिवसांत आपला कफील, ज्याच्या नावावर आपला व्हिसा होता तो कुवेती मालक, एका सकाळी गाडीतून पोत्यात गुंडाळलेली रायफल घेऊन आला. इराकी होते ते सात महिने वफ्राच्या शेतावर वाळूत पुरून ठेवलेली, दस्ता उभा चिरलेला. तुम्हाला बंदुकीचं लाकूडकाम येतं हे त्याला तुम्हीच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. नवा दस्ता करून दे, म्हणाला. आणि तुम्ही लगेच होय म्हणालात. मला विचारलंसुद्धा नाहीत.

माझा राग तेव्हापासूनचा आहे, अण्णा. तो लपवून आज काय मिळणार? पण तुम्ही होय का म्हणालात तेही मला कळत होतं. शेताच्या राखणीची बंदूक बाळगणारा माणूस तुम्ही. दर निवडणुकीला ती खांद्यावर टाकून ठाण्यात जमा करायला जायचात, पावतीवरचं नाव दोनदा वाचून घ्यायचात, आणि निकाल लागल्यावर परत आणायला जायचात तेव्हा काहीतरी मोडलेलं असायचं. दस्ता करायला तुम्ही शिकलात तेच मुळी ठाण्यात तुमचा दस्ता फुटला म्हणून. त्या पंधरा-वीस दिवसांत रानडुकरं भुईमूग उकरून जायची आणि तुम्ही अंगणात बसून म्हणायचात, "डुकराक काय ठावक इलेक्शन आसा म्हणान?" कफील तरुणपणी मुंबईला राहिलेला, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. तो तुमच्या स्टुलावर बसून हेच वेगळ्या शब्दांत सांगायचा. "वो लोग आया, तब पुलिस किधर था? ये इधर था." आणि बंदुकीवर हात ठेवायचा. तुम्ही दोघं मग एका गावचे असल्यासारखे मान हलवत चहा प्यायचात.

त्याचा मुलगा शहरात मिरकाबला ऑफिसात होता. एकदा बापाच्या मागोमाग शेडमध्ये आला आणि दोघांची चांगलीच जुंपली. त्याची पाच वर्षांची मुलगी शेतावर खेळताना काडतूस तोंडात घालून बसलेली त्याला सापडली होती. तो म्हणत होता की लग्नाच्या वरातीत लोक हवेत गोळ्या झाडतात त्या कुठेतरी पडतातच ना, आता घरात हे नको. बाप म्हणाला, मी मेल्यावर दे पोलिसांना. मुलगा निघताना माझ्या हातात आपल्या ऑफिसचा नंबर ठेवून गेला. तुम्ही तेव्हा पाठमोरे होतात, रंधा मारत होतात. मला वाटायचं की तुम्ही पाहिलं नाही.

जुन्या दाराच्या सागवानी फळीतून तुम्ही दस्ता काढलात. काय काढलात! पण मी दिवस मोजत होतो. पोलिसांची गाडी भंगारवाल्यांकडे आली की माझ्या हातातली पटाशी घसरायची. रायफल प्लायवूडच्या गठ्ठ्याखाली होती आणि त्या गठ्ठ्यावर बसून आपण जेवत होतो. मग दसरा आला. मुदतीला चार दिवस उरले होते. नेहमीप्रमाणे तुम्ही करवत, रंधा, पटाश्या पुसून पाटावर मांडल्यात, आणि मी अगरबत्ती शोधेपर्यंत प्लायवूड बाजूला करून रायफलही आणून मधोमध ठेवलीत. मी दार लावून घेतलं. म्हटलं, अण्णा, ही आपली नाही, दुसऱ्याची जोखीम आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हत्यार घरात आसा आणि दसऱ्याक पुजूचा नाय, असा चालता खंय?" आणि खोबरेल तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट दस्त्यावर टेकवलंत. घरच्या बंदुकीला तसंच लावायचात, दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं की जायचं. पण तिला वर्षानुवर्षांचं पॉलिश होतं. हा दस्ता कोरा होता. कच्च्या लाकडावर चहाचा थेंब पडला तरी माझ्यावर ओरडणारे तुम्ही, आणि तुमच्याच हातून तेल-कुंकू लाकडाच्या रेषांत उतरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पॉलिश-पेपर घासत बसलात. डाग फिका झाला आणि पसरला. मला तुमची कीवही आली आणि संतापही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मिरकाबला एका फ्लॅटचं दार बसवायला गेलात. मी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, वाण्याच्या दुकानात, जाऊन कफीलच्या मुलाने दिलेल्या नंबरवर फोन लावला. तासाभरात मुलगा आला, रायफल चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली आणि गेला. मला वाटलं, सुटलो. दुपारी तुम्ही आलात, प्लायवूड उचललंत, आणि बराच वेळ ते तसंच धरून उभे राहिलात. मी म्हटलं, मुलगा येऊन घेऊन गेला. त्याला कोणी कळवलं, एवढंच तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, मला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. चौकीत बंदूक घेतली होती, नाव विचारलं नव्हतं, पण दस्त्यावरच्या लाल डागावर अधिकाऱ्याने बोट ठेवलं होतं. हे रक्त कोणाचं? त्याने खरं ते सांगितलं, सुताराचं काहीतरी आहे. मग सुताराला आण, म्हणाले. तुम्ही हात धुतलेत, धुतलेला शर्ट घातलात, सिव्हिल आयडी खिशात ठेवलंत, आणि देवाच्या फळीवरची कुंकवाची डबी घेतलीत. मी चपला घालायला लागलो तर म्हणालात, "तू हयसरच ऱ्हव. दोघांयक धरल्यानी तर घराक कोण कळयतलो?"

ती सकाळ संपतच नाही. मी एकच फळी रंधतोय, ती इंचाची अर्धा इंच झाली आहे, आणि दर गाडीच्या आवाजाला मी दाराशी जातोय. आईला काय सांगायचं याची वाक्यं मी तयार करतोय आणि एकाही वाक्यात मी फोन केल्याचं येत नाही. दुपारची जोहरची बांग झाली. उतरत्या उन्हात असरची झाली. मग तुम्ही चालत आलात, घामाने निथळत. अधिकाऱ्याच्या टेबलाची कड कच्च्या लाकडाची निघाली, तुम्ही तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवून दाखवलंत, त्याने वास घेतला, डाग पाहिला, हसला आणि तुम्हाला चहा पाजला. पण तुमची तक्रार भलतीच होती. चार वेळा मागूनही बंदुकीची पावती दिली नाही म्हणे. पावतीशिवाय बंदूक द्यायची म्हणजे काय, हे तुम्ही महिनाभर बोलत होतात, आणि मला हसू यायचं. आता येत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दोन महिन्यांनी तुमचा इकामा, तिथे राहायचा परवाना, संपला आणि कफीलने नवा केला नाही. माझा केला. पोरगा तरणा आहे, म्हातारा सुतार आता काय कामाचा, असं आपण एकमेकांना सांगितलं. विमानतळावर तुम्ही तुमचा रंधा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, पातं ओलं ठेवू नको. तीन वर्षांनी तुम्ही गेल्याची तार आली. त्या इकाम्यावर आणि त्यानंतरच्या इकाम्यांवर मी बारा वर्षं काढली. घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. तुमच्या रंध्यानेच केलं हेही खरं.

बंदूक मी नावावर करून घेणार आहे, अण्णा. अर्ज भरलाय. मुलगी फोनवर इंग्रजीतून रागावली की घरात बंदूक कशाला, आणि ती कफीलच्या मुलासारखंच बोलत होती, बरोबरच बोलत होती. मी तिला डुकराचं कारण सांगितलं. अर्जाची पावती घेताना मी तुमच्यासारखंच नाव दोनदा वाचलं, आधी तुमचं, मग माझं. हे पत्र त्याच पावतीच्या घडीत ठेवतोय, टाकायचं तरी कुठल्या पेटीत.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही, किंवा असेलही. तुम्ही चौकीतून आल्यानंतर चौथ्या दिवशी, तुम्ही कामावर बाहेर असताना, कफील शेडमध्ये आला होता. तुमच्या स्टुलावर बसला. आपला सुतार चौकीत जाऊन आला हे त्याच्या कानावर गेलं होतं. कोणी काही विचारणार नाही म्हणतात त्या साऱ्या भानगडीत मला प्रश्न विचारणारा तुमच्याखेरीज तो एकटाच. "बंदूक तेरे बाप ने दिया?" मी मान खाली घातली आणि रंधा मारत राहिलो.