प्रभूला बोललेला नवस

जळोची, रविवार, संध्याकाळ

परवा सकाळी इंदापूरच्या दवाखान्यात निघण्याआधी बायकोची, शालिनीची, वेणी मीच घातली. लकवा झाल्यापासून तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. वेणी घालताना सांगून टाकलं, की तुझा हात चालला तर चर्चला नवी बाजाची पेटी देईन, असं प्रभूला बोललोय.

ती हसली. "नवस केलाय व्हय? आन् हात न्हाय चालला, तर पेटी दुकानातच का?"

दोन दिवस तेच डोक्यात. गावात सगळे नवस बोलतात, मीही तसाच बोलून बसलो. देवाला माझी पेटी कशाला हवी? पण मांडीवरचा तो हात दिसला, की काहीतरी द्यायलाच हवं असं वाटतं. खरं म्हणजे नुसतं मागायची लाज वाटते. देणारा म्हणून उभं राहणं सोपं.

आज उपासनेत पाळकांनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायचीय?" एरवी मी दुसऱ्यांची नावं सांगतो. आज उठून पुढं गेलो. शालिनी खुर्चीतून बघत होती. सगळ्यांसमोर गुडघे टेकले. औषधं आणि व्यायाम चालूच राहतील, ते मनाशी पक्कं आहे. पण मागायचं ते मागितलंच.

"प्रभू, पेटीचं बोललो ते मागं घेतो. माझ्याकडं द्यायला काय न्हाय. शालूला फुकटच बरं कर."