अकराच्या आतला फोटो

सोम. १२ जाने.
निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी अंगणवाड्यांच्या ग्रुपमधून मला कुणी काढलेलं नाही. विसरले. मीही आठवण करून दिली नाही. प्रत्येक सेविकेने अकराच्या आत मुलं जेवतानाचा फोटो टाकायचा. मी इथे केजला बसून ते फोटो बघते. हे म्हणतात, "पर्यवेक्षिकाबाई, पेन्शन घेऊनही हजेरी चालूच?"
आज दुपारी नव्या अधिकारीबाईंचा संदेश: वाडीची सेविका मंगल हिचा शनिवारचा आणि आजचा फोटो एकच आहे. चोवीस तासांत ग्रुपवरच खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्तीचा प्रस्ताव.
सव्वाशे बायकांदेखत! खाली एकोणीस अंगठे. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर छडी मारायच्या, पण वर्गाकडून टाळ्या वाजवून घेत नसत.
दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. तीच लाल फ्रॉकवाली, तोच तोंडाशी नेलेला घास. फोटो एकच आहे.
मंगलला मी शिकवून तयार केलं. तिने असं करावं? जीव चडफडतोय.

मंगळ. १३
मं.चा फोन लागेना. सरळ जीप धरून वाडीला गेले. दोनदा बदलावी लागली, कंबर बोलतेय.
चांगलं झापायचं ठरवून गेले होते. आत सतरा पोरं खिचडी खात होती, गरम, डाळ दिसेल इतकी. चूल पेटलेली. मदतनीस नाही, ती जागा कधीची रिकामी.
"मग फोटो का टाकत नाहीस रोजचा?" मी विचारलं.
"काढते की रोज. पर जातोय कुठं? इथं रेंजच न्हाई. वर माळावर जावं लागतंय."
पूर्वी जायची. एकदा वर असताना एका पोराने उकळत्या पातेल्याला हात लावला. फार भाजलं नाही. तेव्हापासून जेवायच्या वेळी मंगल जागची हलत नाही. सकाळी येतायेता माळावरून आदल्या दिवशीचा फोटो टाकते. सोमवारी चुकून शनिवारी टाकलेलाच दुसऱ्यांदा गेला.
मी म्हटलं, "अकराच्या आत! कुणी काढला हा शहाणपणाचा नियम?"
ती म्हणाली, "बाई, तुमीच तर लावलाता."
हो. मीच. गावोगाव जीपने हिंडायला नको म्हणून ग्रुप काढला होता, आणि अकराची वेळ घातली होती, कारण मला बारापर्यंत अहवाल पाठवायचा असे. त्याबद्दल कौतुकाचं पत्र मिळालं. कपाटात आहे.
तिचा खुलासा मीच बसून लिहिला. पोरं जेवून घरी गेल्यावर दोघी माळावर चढून पाठवला. ती चढते, मी धापा टाकते.

बुध. १४. संक्रांत.
ग्रुपवर सकाळपासून तिळगूळ. लाडू, पतंग, गुलाब, चकाकणारी अक्षरं, एकीचे नऊ. मं.चा खुलासा त्याखाली पार गाडला गेला. वर सरकवत सरकवत अंगठा दुखला तेव्हा सापडला.
संध्याकाळी अधिकारीबाई: "खुलासा अप्राप्त. प्रस्ताव सादर करण्यात येत आहे."
अप्राप्त! कागद असता तर आवक क्रमांक पडला असता. कारकुनाच्या मानगुटीवर बसता आलं असतं. इथे कुणाच्या बसायचं?
उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. खुलाशाकडे बोट दाखवणं सोपं. नियम माझा होता, हे कबूल करायला हात धजेना. हे म्हणाले, "तुला कुणी विचारलंय का?" नाही विचारलं. म्हणूनच तर…

गुरु. १५
टाकलं. दहाच ओळी. खुलासा परवाच आलेला आहे, तिळगूळ बाजूला सारून वाचावा. अकराची वेळ मी माझ्या सोयीसाठी घातली होती. ती चूक होती. मंगल मुलांपाशी थांबली, हे तिचं काम. शिक्षा द्यायची तर नियम करणारीला द्या.
सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या. एक अंगठा नाही. एक नमस्कार नाही. आणि मला एकटीला मात्र चौघींचे निरोप: "मॅडम, एकदम बरोब्बर बोललात." मग तिकडे बोला ना, भवान्यांनो!
बारा मिनिटांनी अधिकारीबाई: "सेवानिवृत्त व्यक्तींचा येथे संबंध नाही." लगेच मला काढून टाकलं.
हे हसले. मग माझा चेहरा बघून चहा ठेवायला उठले.

शुक्र. १६
साडेदहाला मंगलचा फोन. वाऱ्याचा घुं घुं आवाज.
"बाई, सोमवारी कचेरीत बोलीवलंय. तुमी येताव का?"
"येते. लेखी घेऊन येते."
"अन् आज फोटो टाकू का नको? कालचा नगं, आजचाच पायजे म्हंत्यात. ताटं वाढून फोटो काढला अन् पळत आले."
पळत. म्हणजे ती माळावर होती.
"चूल विझवलीस?"
तिच्या धापा ऐकू येत होत्या.
"पोरं कुणापाशी आहेत, मंगल?"
"फोटो न्हाई गेला तर सोमवारी माज्यावर अजून…"
"आधी खाली जा!" मी ओरडले. हे बाहेरून धावत आले. फोन तुटला होता.
तेव्हापासून सहा वेळा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. म्हणजे खाली गेली असावी. पण फोटो जाईपर्यंत थांबून गेली, की ऐकल्याबरोबर गेली? ग्रुप असता तर वेळ दिसली असती.
अकराला पाच कमी.