करप्याच्या चंद्रकोरी

रविवार, रात्र. शिरड शहापूर

आमच्या हळदीची पानं खाणाऱ्या करप्याचा, म्हणजे त्या बुरशीचा, सूक्ष्मदर्शकातला फोटो लॅबनं पाठवला, पण फाईल उघडेचना. नावापुढं ‘जेपीजी’ लिहून पाहिलं. काय माझी अक्कल! शेवटी फुकटचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, तर नुसता काळा चौकोन. लॅबवाले दिवा लावायला विसरले काय? मी उगीच चिडले. ब्राइटनेस वाढवला अन् त्याच काळ्या चौकोनात बुरशीचे बीजाणू चमकले, बारीक चंद्रकोरींसारखे. मग खरंच जेपीजी करून बाबांना पाठवला.

“काय सुंदर हाय गं पोरी!” म्हणाले, अन् मोबाईलवर काहीतरी करत बसले.

आत्ता घरच्या ग्रुपवर पाहते तर तोच फोटो, खाली ‘शुभ रात्री’. आख्ख्या भावकीनं करप्याला हात जोडलेत.